हरणांच्या बेटावर नानाय

१२ नोव्हेंबर १९८५

कुया बर्नाबे,

थोरल्या भावाला कुया म्हणायचं म्हणून म्हणते. मनातून म्हणत नाही.

तुझं पत्र पंपबोटीवाल्या कानोरनं आणून दिलं. आठ वर्षांत हे तिसरं. पहिलं आलं तेव्हा तुला अभयारण्याचा गणवेश मिळाला होता, दुसरं आलं तेव्हा मुलगा झाला होता, आणि आता आई सापडली म्हणून! लिहितोस, "नानाय बालिनाववर आहे. ओढ्याकाठी आपल्या जुन्या घराच्या जागी झोपडी घालून बसलीय. हाक मारली तर दगड मारते. तू ये आणि तिला घेऊन जा."

नाही येणार.

विचारतोस, ती तिथे पोचली कशी. मला काय ठाऊक? तिच्याजवळ लोखंडी हंडी आहे, कोयता आहे, कोंबडा आहे, असं तूच लिहितोस. म्हणजे हंडी डोक्यावर आणि कोंबडा काखेत धरून पोहत गेली असणार. सत्तरी उलटली असली तरी आपली नानाय आहे, तिचं काही सांगता येत नाही.

जायच्या आधी काही बोलली होती का, असंही विचारतोस. बोलली होती. मी माशांना मीठ लावत होते, ती शेजारी येऊन बसली.

"लुमिंग, माझ्या पोफळींना सुपाऱ्या धरल्या असतील. कोण खात असेल गं?"

"सरकारनं आफ्रिकेतून आणून सोडलेला जिराफ खात असेल."

"आणि त्याला चुना कोण देतो?"

एवढंच बोलली. तुझ्या साहेबाच्या वहीत हे उतरवून घ्यायला सांग.

तुला इथलं काही माहीत नाही, कारण तू एकदाही आला नाहीस. आम्हाला बोटीत घालून या खडकावर आणून टाकलं तेव्हा सरकारचा माणूस म्हणाला होता, विहीर खणून देऊ. दिली. तिचं पाणी गायसुद्धा तोंडात धरत नाही. रानकंद समुद्राच्या पाण्यात भिजवतो, पण शेवटच्या धुण्याला वाहतं गोडं पाणी लागतं, नाहीतर विष राहतं, हे तुलाही ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात सेरापियोच्या बहिणीनं घाईत कंद शिजवला आणि घरातली सगळी माणसं दोन दिवस ओकत पडली. माझ्या नवऱ्याला तू ओळखतोस, सेरापियो दिवसाला चार शब्द बोलतो. त्या दिवशी त्यातला एक तुझं नाव होतं. उरलेले लिहीत नाही.

'माणसं हरणं मारतात, म्हणून माणसं हटवा,' असं ते म्हणाले. मग माणसं हटवल्यावर हरणं राखायला माणूस हवा, म्हणून तुला ठेवून घेतलं. आम्ही इथे खडक राखतो, तू तिथे आपलं बेट राखतोस. आता आईही राख. तुझ्याच हद्दीत आहे ती.

लुमिंग


३ डिसेंबर १९८५

कुया,

तुझा साहेब येऊन गेला. अधीक्षक व्हिलाफ्लोर. गॉगल, पांढरे बूट. वसाहतीत खुर्ची एकच, ती मी त्याला दिली आणि मी उभी राहिले, म्हणजे त्याला मान वर करून बोलावं लागलं.

"बाई, तुमच्या आईच्या झोपडीमागे हरणाचं कातडं सापडलं."

"जमीन ओली असते तिथे. अंथरलं असेल."

"हरीण मारणं हा गुन्हा आहे. हे हरीण जगात फक्त या बेटांवर आहे, कळतंय का तुम्हाला? दुसरीकडे कुठेही नाही."

"आम्हीसुद्धा दुसरीकडे कुठे नाही, साहेब."

त्यावर तो हसला, पण गॉगल काढला नाही. म्हणाला, म्हातारी तुरुंगात जाईल, साक्षीदार म्हणून तुमचाच भाऊ उभा राहील, आणि या वसाहतीला येणारा तांदूळ बंद होईल. जाताना म्हणाला, "तुम्ही समजदार दिसता. तिला समजवा."

तर आता मी तुला समजावते. तू मला घाबरून लिहिलंस ना, की खरं काय ते सांग, म्हणजे काहीतरी करता येईल? मग ऐक खरं.

नानायला मी आणि सेरापियोनं नेलं, आमच्याच बोटीतून, दिवसाढवळ्या. तुमची गस्त झेब्र्यांना पाणी पाजायला गेली होती. त्यानंतर मी दोनदा मीठ आणि काडेपेटी घेऊन गेले. झोपडीचे वासे सेरापियोनं उभे केले. आणि हरणाचं म्हणशील, तर आफ्रिकेच्या जनावरांसाठी तुम्ही जी तार ओढलीत, तिच्यात एक नर शिंगांनी अडकून पडला होता. किती वेळचा धडपडत होता कुणास ठाऊक. मानेची कातडी सोलून निघाली होती. नानायनं कोयत्याचा एक घाव घातला आणि त्याला मोकळं केलं. मग खाल्लं. हो, खाल्लं. पहिला तुकडा तातायच्या थडग्यावर ठेवला, आपला बाप जिवंत असताना तो जसा त्याच्या बापासाठी ठेवायचा तसा. थडगं शोधायला तिला सगळी सकाळ लागली, कारण गवत वाढवायला तुम्ही तिथला बांबू तोडून टाकलाय आणि झेब्र्यांनी दगड इकडचे तिकडे केलेत.

एक मांडी तिनं आमच्यासाठी पाठवली. मी शिजवली. माझ्या पिलारनं जन्मात हरणाचं मांस चाखलं नव्हतं. तोंडात घास धरून विचारते, "आई, हेच का ते, ज्याच्यापायी आपण इथे आलो?"

मी म्हटलं, "हेच. चावून खा."

जा, सांग साहेबाला. सही करून देते हवी तर.

तू लिहितोस, पूर्वी माणसाची चाहूल लागली की ही हरणं डोकं खाली घालून डुकरासारखी झुडपात घुसायची, आणि आता पाडसं तुझ्या चौकीच्या दाराशी चरतात. पहाटे त्यांची शीळ ऐकली की तुला वाटतं, आपण काहीतरी चांगलं केलं. मी हसले नाही ते वाचून. तू लहानपणीही तसाच होतास. बापानं फास लावला की पोट दुखतंय म्हणून घरी बसायचास. तुझं हरणांवरचं प्रेम खोटं आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण तुला असं वाटतं की त्या बेटावर आपल्यातलं कोणीतरी राहिलं पाहिजे म्हणून तू गणवेश घातलास. हे मात्र स्वतःला सांग, मला सांगू नकोस. आपल्यातलं कोणीतरी आता तिथे राहतंय. बिनागणवेशाचं.

लुमिंग


१० जानेवारी १९८६

कुया,

नानाय पोचली. तूच आणून सोडलीस, तर पोच कशाला कळवायची, पण तू किनाऱ्यावर पाऊलही न ठेवता परत फिरलास, म्हणून लिहिते.

तुझ्या बोटीवरच्या पोरांनी सगळं सांगितलं. बाकीचे पहारेकरी तिचे हात बांधणार होते, तेव्हा तू म्हणालास, बांधायचं नाही, मी नेतो. आणि पाठीवर घेतलंस. ओढ्यापासून किनाऱ्यापर्यंत तिनं तुझ्या खांद्याचा चावा घेतला, केस उपटले, तुझ्या बापाच्या नावानं शिव्या दिल्या आणि तू एकदाही तिला खाली ठेवलं नाहीस. बोटीत ती तुझ्याकडे पाठ करून बसली आणि तू तिच्या पाठीकडे बघत बसलास. खांदा पिकला असेल तर पेरूचा पाला उकळून त्या पाण्यानं धू. हे सांगते म्हणजे मी विरघळले असं समजू नकोस.

इथे उतरल्यावर बायका जमल्या. "कोणी आणलं गं?" म्हणून विचारू लागल्या.

"हमालानं," ती म्हणाली.

तू ठेवलेली तांदळाची पिशवी तिनं कोंबड्यांपुढे ओतली. मी धावत जाऊन निम्मा तांदूळ वेचला, कारण मानापेक्षा मला पोरांची पोटं मोठी. 

मला वाटलं, आता हिची रग जिरली. चार दिवस पानसुद्धा न खाता बसली होती. मग एके दिवशी होनोराता, शेजारची बास्यांग आणि आणखी दोघी म्हाताऱ्या आमच्या अंगणात येऊन बसल्या. नुसती सुपारी कातरत होत्या. यांचं काय ठरलंय ते मी ओळखलं.

"नानाय, तिकडे पहारा आहे," मी म्हटलं.

"असू दे. त्यातला एक माझा आहे आणि एक होनोराताचा जावई आहे."

"पुन्हा उचलून आणतील."

"मी एकटी होते म्हणून पाठीवरून आणली. आता पाच जणींना आणायला पाठी किती आहेत ते बघते."

बास्यांग म्हणाली, "मला उचलणाऱ्याची तर कंबरच मोडेल." आणि तिच्याकडे पाहिलंस तर तुलाही पटेल. सगळ्या इतक्या हसल्या की बास्यांगच्या तोंडातली सुपारी घशात गेली आणि पाठीत गुद्दे घालावे लागले.

त्या आज सकाळी निघाल्या. या वेळी मी काही लपवत नाही. सेरापियो वल्हवतोय. बोटीत पाच म्हाताऱ्या आहेत, रताळ्याचे वेल, बियाण्याचं भात आणि देवळातली छोटी घंटा. घंटा कशाला नेता असं पाद्र्यानं विचारलं तर होनोराता म्हणाली, गाव म्हटलं की घंटा लागते. हे पत्र कानोरच्या हातून तुला मिळेपर्यंत त्यांनी चूल पेटवलेली असेल. साहेबाला सांग, या वेळी पाठी जास्त आण.

लुमिंग


१७ एप्रिल १९८६

कुया,

मनिलातलं सरकार पडलं हे तुम्हीही रेडिओवर ऐकलं असेल. इथे बायकांनी हंड्या बडवल्या. मग तांदूळ आला नाही. मग पुन्हा आला नाही. विचारायला गेलो तर तालुक्याच्या कचेरीत एक नवा माणूस जुन्याच खुर्चीवर बसला होता. म्हणाला, "धीर धरा." आम्ही त्याच्याकडे धीर मागायला गेलोच नव्हतो.

म्हाताऱ्यांना तुम्ही काढू शकला नाहीत हे कळलं. एकीला बोटीत बसवली की दुसरी उतरायची असं ऐकलं. होनोराताचा जावई आजारी पडला म्हणे, ऐन त्याच दिवशी. तुझ्याबद्दल मात्र काहीच ऐकलं नाही. म्हाताऱ्यांच्या झोपड्यांपासून तू लांब राहतोस, एवढंच कानोर म्हणाला. आणि नानाय तुझ्याशी अजून बोलत नाही, हेही म्हणाला.

काल वसाहतीतले सगळे जमले होते. तिसऱ्या प्रहरापर्यंत भांडण चाललं. काही म्हणाले, कोर्टात जाऊ. काही म्हणाले, कागद येऊ दे. सेरापियो उठला. तो उठला की लोक गप्प होतात, कारण असं कधी घडत नाही. म्हणाला, "मी वासे तोडून ठेवलेत." आणि बसला. त्यानंतर कोणी कागदाचं नाव काढलं नाही.

तर आम्ही येतोय. सगळे. येत्या रविवारी, प्रार्थना झाल्यावर, भर उजेडात. तुला आधी कळवतेय, कारण चोरासारखं यायला हे दुसऱ्याचं घर नाही.

आणखी एक ठरलं, तेही कळवते. घरं उभी राहून पहिलं भात हाती येईपर्यंत कोणीही फास लावायचा नाही. पाडसवाल्या माद्यांच्या वाटेला पुढेही जायचं नाही. आंद्रेसनं कुरकूर केली तेव्हा त्याच्या बायकोनंच त्याला खाली बसवलं. हा आमचा ठराव आहे, तुमचा नियम नाही. तुझ्या साहेबाला दाखवायला मी तो लिहून देणार नाही. तुला लिहिते, कारण तुला झोप लागावी.

मी पहिल्या बोटीत पुढे असेन. उथळ पाण्यात आलो की दोर फेकीन. त्या जागी खालून ओढ असते, कोणी दोर धरला नाही तर बोट खडकावर जाते, हे तुला सांगायला नको. बोटीत पोरं असतील. तुझ्या हातात बंदूक असेल. एका हातानं यातलं काहीच नीट धरता येत नाही, कुया. काय धरायचं ते रविवारपर्यंत ठरव.

लुमिंग


२२ जून १९८६
बालिनाव

कुया,

तू तिथे होतास, तुला काय सांगायचं? पण तू त्या वेळी कोणाकडे बघतच नव्हतास. आणि तुझ्या पत्रात तू लिहिलंयस की तू काहीच केलं नाहीस, ना धड इकडचा राहिलास ना तिकडचा. म्हणून मी बोटीतून काय पाहिलं ते तुला सांगते.

तुम्ही किनाऱ्यावर रांगेनं उभे होतात. व्हिलाफ्लोर भोंग्यातून ओरडत होता, "दुर्मीळ हरणांच्या रक्षणासाठी ही जागा…" आणि त्याच वेळी मागच्या टेकाडावर एक जिराफ येऊन उभा राहिला. आमच्या बोटीतली पोरं किंचाळून हसायला लागली. त्यांनी जिराफ कधी पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, हेच ते हरीण.

व्हिलाफ्लोरनं हवेत बार काढायला सांगितलं. दोघांनी काढले. तू काढला नाहीस. मी दोर फेकला, नेमका तुझ्या पायांपाशी. तू त्याच्याकडे बघत राहिलास. तो पाण्याबरोबर मागे सरकायला लागला आणि तू तसाच उभा. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी तुला मेलेला मानला.

मग नानाय आली. परकर खोचलेला, तोंडात विडा. पहारेकऱ्यांच्या रांगेतून अशी आली, जशी बाजारातून वाट काढतात. पाण्यात शिरली ती छातीपर्यंत. दोर पकडला. बोटीत वासे, डुकरं, नऊ पोरं आणि बास्यांगचा अख्खा संसार. लाट मागे फिरली तशी बोट ओढली गेली, बोटीबरोबर दोर आणि दोराबरोबर आपली आई. ती पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली, पण दोर सोडला नाही तिनं.

तुझी बंदूक वाळूत पडलेली मी पाहिली. तू पाण्यात कधी शिरलास ते मात्र दिसलं नाही. मी पाहिलं तेव्हा तू तिला मागून कमरेत मिठी मारून उभा होतास, डोळे मिटून.

आणि ती ओरडली, "मला काय धरतोस गाढवा? दोर धर!"

चार महिन्यांत तुझ्याशी बोललेले तिचे पहिले शब्द. सगळ्या किनाऱ्यानं ऐकले.

तू दोर धरलास. बोट आली. मागच्या अकराही बोटींचे दोर तूच धरलेस, तळहात फाटेपर्यंत, आणि दुसऱ्या बोटीनंतर होनोराताचा जावई शेजारी येऊन उभा राहिला, मग तिसरा पहारेकरी. व्हिलाफ्लोर भोंगा घेऊन उभाच होता, पण त्याच्याकडे पाठ करून माणसं कामाला लागली होती. तो एकटाच काय अडवणार? याला तू 'काहीच केलं नाही' म्हणतोस?

मग साहेब म्हणाला, बंदूक आणि गणवेश कचेरीत जमा कर, आणि तू लगेच त्याच्या बोटीत बसून गेलास. आम्हाला वाटलं, संध्याकाळी येशील. दोन महिने झाले. सासरी पडून राहिलायस, कोरोन गावच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या उचलतोस, आणि लिहितोस की लोक तोंडावर थुंकतील. काही थुंकतीलही. आंद्रेस नक्की थुंकेल. तोंड पुसायचं आणि कामाला लागायचं. मी आठ वर्षं खारं पाणी प्यायले, तुला एवढंसं झेपणार नाही?

इथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. नवे अधिकारी आले होते, दोघं, छत्री घेऊन. म्हणाले, तुम्ही नव्हता तेव्हा हरणं वाढली, हे आकड्यांत दिसतंय. मी म्हटलं, आकडे कशाला, माझ्या रताळ्यांच्या वाफ्यात दिसतंय. वाढली आहेत, कुया. खरं ते मी नाकारणार नाही. आपल्या लहानपणी दिवसभर फिरून एखादं दिसायचं, आता उजाडलं की ओढ्यावर कळपच असतो. तू राखलीस ती. मी हे त्यांच्यासमोरही म्हटलं, माझ्या भावानं राखली. पण 'म्हणून तुम्ही जा' असं ते म्हणाले तेव्हा मी त्यांना आमचं थडग्यांचं रान दाखवलं आणि विचारलं, यातल्या कोणाला आधी बोटीत घालू? छत्री मिटून गेले. पुन्हा येतील, कोर्टाचा कागद घेऊन येतील. येऊ देत. भात कमरेएवढं झालंय. कापणी सोडून मी कुठेही जाणार नाही, आणि कापणीनंतर पुन्हा पेरणी असते.

नानाय तुझं नाव काढत नाही. फक्त जमिनीच्या वाटण्या पडल्या तेव्हा ओढ्यापलीकडचा सपाट तुकडा तिनं बांबूच्या खुंट्या ठोकून अडवला. आंद्रेसला तो हवा होता. "हा कोणाचा?" त्यानं विचारलं.

"बर्नाबेचा."

"तो कुठे आहे?"

"येईल. नाहीतर राहील कुठे, जिराफाच्या पोटात?"

तिथे तिनं स्वतः रताळी लावली. वेल छान धरलेत आणि तुझी ती दारात चरणारी, माणसाला न भिणारी हरणं रोज सकाळी तो तुकडा साफ करतात. काल नऊ होती, त्यात दोन पाडसं. मी कुंपणाशी उभी राहून "हाड हाड" केलं तर एकीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागली. तूच लाडावून ठेवलीयस.

मी त्यांना दगड मारणार नाही, कुंपणही घालणार नाही आणि पिलारलाही राखणीला बसवणार नाही. रान तुझं आहे आणि खाणारीही तुझीच. हाकलायची असतील तर बायकोपोरांना घेऊन ये आणि स्वतः हाकल.

लुमिंग